छप्पन सालचा म्हातारा

मधल्या खोलीच्या छताला ओल आली, म्हणून कमलिनीबाईंनी बँकेत तक्रार नोंदवली. त्यांच्या दृष्टीनं यात नवल काहीच नव्हतं. भिलाईत सेक्टर दोनमधल्या पोलाद कंपनीच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार सुरू झाला आणि तिथंच त्याचे केस पांढरे झाले. तिथं नळ गळला, फ्यूज उडाला, दार फुगलं, की मेंटेनन्स ऑफिसात जायचं, यांचं नाव आणि क्वार्टरचा नंबर सांगायचा. मग दोन-चार दिवसांनी पाना घेतलेला एक माणूस यायचा, चहा प्यायचा आणि वॉशर स्टोअरमध्ये नाही असं सांगून जायचा. पण यायचा. घर ज्याचं, दुरुस्ती त्याची. वैशाली नगरातला हा फ्लॅट बँकेचा आहे हे तर त्यांनी मुलाच्याच तोंडून ऐकलं होतं. वास्तुशांतीला कुणीतरी विचारलं, झालं का मग स्वतःचं घर, तेव्हा धनंजय म्हणाला होता की आमची फक्त गॅलरी, बाकी सगळं बँकेचं. सगळे हसले होते. कमलिनीबाईंनी तेवढी ती माहिती म्हणून लक्षात ठेवली. ओल दिसली त्या दिवशी धनंजय फोन चार्जरला लावून तसाच जामुलला कामावर गेला. बँकेचा नंबर मेसेजमध्ये सापडला, आणि लागला.

संध्याकाळी तो बूट काढत होता तेव्हा आई म्हणाली, "तुया बँकेतला पोरगा सभ्य हाय पण."

"कोणता पोरगा?"

"नाव नाही सांगतलं त्यानं. म्या म्हटलं, बापा, छत टपकून राहिलं, मिस्त्री पाठवा. त म्हनते, माताजी, रिपेअर आप ही को कराना है. म्या म्हटलं, काहून? घर तुमचं अन् मिस्त्री आमचा?"

"तू बँकेत फोन केला?"

"मंग कुठं करू, कलेक्टरले? त तो म्हनते, लोन खतम होने के बाद घर पूरा आपका. म्या म्हटलं, कधी खतम होते ते सांग. त्यानं पाहून सांगतलं. मार्च दोन हजार छप्पन."

"एक्केचाळीस म्हणाला असंल."

"मी बहिरी नाही झाली अजून. दोनदा इचारलं. छप्पन. म्या म्हटलं, तवरक छत खाली आलं त? त हसला. सभ्य हाय."

एक बूट पायात आणि एक हातात, अशा अवस्थेत धनंजयनं फोन उचलला. मेसेज होते. एक नव्हे, बरेच होते, आणि एका चालीचे होते. व्याजदर बदलला आहे, हप्ता तोच राहील, कालावधी सुधारित करण्यात आला आहे. ते सगळे त्यानं त्या-त्या वेळी वाचले होते. म्हणजे 'हप्ता तोच राहील' इथपर्यंत वाचले होते. पुढं वाचायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्याचे वडील मारोतराव ब्लास्ट फर्नेसवर होते. त्यांच्या पगारातून क्वार्टरचं भाडं, पाणी, वीज, कँटीन, युनियन असं सगळं आधीच कटायचं, आणि कटून जो हातात यायचा त्याला ते पगार म्हणायचे. किती कटलं हे विचारणं म्हणजे कंपनीवर संशय घेणं, आणि कंपनीवर संशय घेणं म्हणजे पायाखालच्या फरशीवर संशय घेणं. फरशीही कंपनीचीच होती. त्या घरात वाढलेल्या माणसाला महिन्याच्या पाच तारखेला तेवढीच रक्कम कटली की वाटतं, सगळं जागच्या जागी आहे. सेक्टरमधून बाहेर पडून फ्लॅट घेतलेली त्याच्या ओळखीची अर्धी पोरं अशीच मेसेज वाचत होती. ईएमआय म्हणजे भाडंच, फक्त इंग्रजीत.

मागाहून त्यानं पाहिलं तेव्हा सगळं सरळच होतं, आणि सरळ असल्यामुळं जास्तच भीतीदायक होतं. कर्ज घेतलं तेव्हा व्याज अगदी तळाला होतं. कर्ज मिळवून देणारा एजंट क्वार्टरवर आला होता. त्याच्या शर्टाला नव्या शर्टाचा वास येत होता. फिक्स घ्याल तर दर ठरलेला, पण थोडा जास्त, असं त्यानं समजावलं. फ्लोटिंग घ्याल तर कमी; बाजारात दर उतरला की आपला उतरणार, आणि दर तर सर उतरतच चाललेत. तिसरा एक प्रकार होता, आधी काही वर्षं फिक्स आणि मग फ्लोटिंग, पण तो त्यानं जेवणाच्या शेवटी लोणचं राहिलंय म्हणून आठवावं तसा सांगितला. मारोतराव शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, फ्लोटिंग म्हंजे काय? एजंट म्हणाला, अंकल, पानी पे जैसे नाव. मारोतराव म्हणाले, "आमच्या भट्टीत वर तरंगते तो स्लॅग असते, मळ. लोखंड खाली बसते." एजंट मनापासून हसला, आणि धनंजयनं फ्लोटिंगवर सही केली. पुढं दर चढला. दर चढला की हप्त्यातला व्याजाचा घास मोठा होतो आणि मुद्दलाच्या वाट्याला चाटायला तेवढं उरतं. हप्ता वाढवायचा नसेल तर वर्षं वाढवायची. बँकेनं त्याला न दुखवता वर्षं वाढवली होती. जे कर्ज त्याच्या छप्पन्नाव्या वर्षी, एक्केचाळीस साली, निवृत्तीच्या आधी, फिटणार होतं, ते आता फिटणार तेव्हा तो एक्काहत्तर वर्षांचा असणार होता.

एक्काहत्तर. त्यानं तो आकडा तोंडात घोळवून पाहिला. पानात चुकून सुपारीच्या जागी खडा यावा तसा लागला. त्याच्या घराण्यातल्या पुरुषांना एकसष्टच्या पुढच्या वयाचा अनुभव नव्हता. आजोबा दौलतराव दुर्ग लाइनवर रेल्वेत होते, ते निवृत्तीचा हारही न घालता गेले. मारोतराव हार घालून आले, ग्रॅच्युइटीचा मोठा तुकडा या फ्लॅटमध्ये घातला, कारण बँक सगळे पैसे देत नाही, आधी आपल्या पदरचे घालावे लागतात. मग मधल्या खोलीत जेमतेम एक हिवाळा झोपले आणि एकसष्टाव्या वर्षी छातीला हात लावून म्हणाले की जरा गरम होऊन राहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून कधी तक्रार केली नाही, तो जानेवारीत गरम होतंय म्हणाला, तेव्हाच ओळखायला हवं होतं. तर अशा घराण्यात एक्काहत्तर वर्षांचा माणूस दिसतो कसा, कण्हतो कसा, मोजे कुठं काढून ठेवतो, हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून पुढच्या रविवारी दुपारी तो एक्काहत्तर वर्षांचा माणूस आला, तेव्हा त्याचा चेहरा नीट दिसला नाही. धनंजय मधल्या खोलीत ओल किती पसरली ते बघायला गेला होता. वडिलांच्या खाटेवर एक म्हातारा बसला होता. निळा युनिफॉर्म, खांद्यावर दोरी, डोक्यावर टोपी. एटीएमच्या दाराशी गार्ड बसवतात तसा. टोपीखाली हनुवटी होती आणि हनुवटीवर पांढरे खुंट होते, मधला भाग दुपारच्या उजेडात विरघळल्यासारखा. धनंजय घाबरला नाही. त्याला आधी वाटलं, साहजिकच आहे. छप्पन साली हप्ता कटणार, तर कुणाच्या तरी पगारातून कटणार. एक्काहत्तराव्या वर्षी भिलाईत माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? म्हाताऱ्यानं वाकून बुटाची नाडी सोडली. त्याला ती सुटेना. धनंजयला वाटलं आपण सोडून द्यावी, पण स्वतःच्याच पायाला हात लावायचा म्हणजे नमस्कार होतो की काय, या विचारात तो तसाच उभा राहिला. इतक्यात बाहेरून ऐश्वर्यानं विचारलं, "अहो, पसरली का ओल?" सासूबाई ऐकत असल्या की त्याची बायको त्याला अहो म्हणायची. तो म्हणाला, "थोडी." खाटेवरची चादर चुरगळलेली होती.

तेव्हापासून त्याला शहरात म्हातारे दिसू लागले. आधीही असतीलच, पण झाडं असतात तसे. आता सुपेल्याच्या दवाखान्याच्या फाटकाशी, शाळेच्या गेटवर, दागिन्यांच्या दुकानात बंदूक धरून, सगळीकडे निळे, खाकी, दोरीवाले म्हातारे. त्यांना दिलेल्या खुर्च्यांची पाठ मोडलेली असायची आणि बहुतेक वेळा खुर्चीवर जेवणाची पिशवी बसलेली असायची. एकदा एटीएममधून पैसे काढून बाहेर येताना त्यानं गार्डला विचारलंच, "बाबा, कुछ लोन-वोन है क्या?" गार्डनं त्याच्याकडे लोन विकणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "लड़के का है," तो म्हणाला. "मकान का. लड़का पुणे में है." जरा थांबून म्हणाला, "मकान अच्छा है." धनंजयला आणखी विचारायचं होतं, पण त्याच्या मागं लाईन होती.

जामुलच्या सिमेंट फॅक्टरीत तो काट्यावर होता. ट्रक आधी रिकामा काट्यावर चढतो, मग भरून चढतो, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे माल. हे काम तो वर्षानुवर्षं डोळे मिटून करत आला होता. आता रिकामा ट्रक चढला की त्याला वाटायचं, रिकाम्यालाही केवढं वजन असतं. ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरायला विसरायचा. मग आकड्यात एक माणूस जास्त यायचा. उतर रे बाबा, म्हणून ओरडावं लागायचं. ओरडताना त्याला स्वतःचा आवाज वडिलांचा वाटायचा, आणि वडिलांनाही जो आवाज मिळाला नाही अशा कुणाचा तरी वाटायचा. सिमेंटची धूळ केसांवर बसायची. पाच वाजता आरशात बघितलं की डोकं पांढरं झालेलं असायचं, आणि तो ते लगेच झटकायचा नाही. जरा बघत राहायचा. बरं दिसत होतं.

इथंच खरी गोची झाली. पहिली भीती ओसरली तशी त्याच्या लक्षात यायला लागलं की छप्पन सालच्या म्हाताऱ्यात एक गुण होता. तो जिवंत होता. वडिलांहून दहा वर्षांनी थोरला होता, युनिफॉर्म सैल का होईना पण अंगात होता. मारोतराव गेल्यावर डॉक्टरनं धनंजयलाही रक्त तपासायला सांगितलं होतं आणि रिपोर्ट बघून "फॅमिली हिस्टरी" असं म्हणून पेनाचं टोपण लावलं होतं. तेव्हापासून एकसष्ट हा आकडा त्याच्या पुढं कुठंतरी भिंतीसारखा उभा होता आणि तो त्याबद्दल कुणाशी बोलला नव्हता. आईनं कधी शंभर वर्षांचा हो म्हटलं नव्हतं. तिलाही हिशोब माहीत होता. साऱ्या जगात तो एक्काहत्तर वर्षांचा होणार असं गृहीत धरून चालणारी एकच संस्था होती, आणि ती दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्यावरचा हा विश्वास पैसे घेऊन व्यक्त करत होती. फार महाग पडत नव्हतं.

ऐश्वर्या खासगी शाळेत शिकवायची. तिनं एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन सगळं मांडलं, मिस्त्रीचे पैसे चुकते केले, वरच्या फ्लॅटवाल्याशी भांडून अर्धे त्याच्याकडून घेतले आणि मग सांगितलं की बँकेत जायचं, हप्ता वाढवून घ्यायचा, जुन्या मुदतीवर यायचं. गाडीचा विचार सोडायचा. ती संध्याकाळच्या शिकवण्या घेईल. सासूबाई देवळात गेल्या होत्या, त्यामुळं ती एकेरीवर होती.

"तू गप्प काय बसलास?"

"राहू दे ना. कटून राहिलं आहे नीट."

"यार धनंजय, म्हातारपणी फेडायचंय का तुला? पेन्शन नाही तुझी. कोण फेडणार?"

"तो फेडेल."

"कोण तो?"

ऐश्वर्यानं पेन्सिल खाली ठेवली. ती नागपूरची होती. तिच्या माहेरी पुरुष नव्वदीपर्यंत जगून सगळ्यांना त्रास देत. "ते पैसे नाहीत," ती शांतपणे म्हणाली, "ती माझी पण वर्षं आहेत. मी त्या कर्जात सहअर्जदार आहे. तू नसलास तर ते निळे कपडे मला होतील." त्यानं तिला युनिफॉर्मबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. मग त्याला वाटलं, झोपेत बोलत असेन.

त्या रविवारी तो मुद्दाम मधल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. म्हातारा होता. या वेळी टोपी काढून खिडकीत ठेवलेली, पण चेहऱ्याचं काम अजून अपुरंच होतं. धनंजयनं स्टूल ओढलं.

"कसं काय चालू आहे?" त्यानं विचारलं.

"ड्यूटी बारा घंट्याची हाय," म्हातारा म्हणाला. त्याची भाषा मागं गेली होती, मारोतरावांच्याही मागं, दुर्गच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत. "बसू देत नाहीत. क्यामेरा लावला हाय. बसलं का साहेब फोन करते."

"पण तब्येत?"

"उभं राहाले पुरते."

"ऐश्वर्या बरी आहे?"

म्हाताऱ्यानं गुडघ्यावरचं न दिसणारं काहीतरी झटकलं. "घरी एकटी असते. दार उघडं टाकून झोपते. म्हून घाई करून राहिलो, त बदलीवाला रिलिव्हर येत नाही येळेवर."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. धनंजयला एकदम त्या खोलीतल्या हवेत सिमेंटचा, ओल्या भिंतीचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी औषधाचा वास आला. "पण तुम्ही आहात," तो म्हणाला. स्वतःला अहोजाहो केल्याचं त्याला विचित्र वाटलं नाही. "एवढं तर आहे."

"हाय न," म्हातारा म्हणाला. "बँकेनं म्हटलं, म्हून हाय."

ऐश्वर्यानं त्याला बँकेत नेलं. तिथं प्रेरणा मॅडम होत्या, मूळच्या वर्ध्याकडच्या, हसऱ्या आणि घाईत. त्यांनी कॉम्प्युटर या दोघांकडे वळवून सांगितलं की आता विचारायचा नियमच आला आहे. हप्ता तोच ठेवून मुदत लांब ठेवा. किंवा हप्ता वाढवून मुदत आखूड करा. किंवा हाती एकरकमी असेल तर मुद्दलात भरा. नाहीतर फी भरून फिक्सवर जा, पण आता वरच्या दरावर फिक्स होणं म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर फेकून देणं. ऐश्वर्या भराभर लिहून घेत होती. धनंजयनं विचारलं, "मॅडम, मी एक्काहत्तरपर्यंत असेन असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

"आम्हाला नाही वाटलं सर. सिस्टमला वाटतं. ती पंच्याहत्तरपर्यंत घेते."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. आणि नसलात, तर त्याच्यासाठी विमा आहे ना. तुम्ही काढलेला आहे." त्यांनी स्क्रीनवर दुसरी खिडकी उघडून दाखवली. तिथं त्याच्या मरणाचीही सोय व्यवस्थित भरलेली होती, नावासकट, त्याच सिस्टममध्ये, बाजूबाजूला. "दोन्ही बाजू धरून ठेवतो आम्ही."

धनंजयला वाटत होतं निदान एका जागी तरी कुणीतरी त्याच्या जगण्यावर पैज लावली आहे. पैज नव्हतीच. प्रेरणा मॅडमनी हप्ता वाढवायचा फॉर्म पुढं सरकवला. ऐश्वर्यानं आपली सही आधीच करून टाकली होती. तिची सही नेहमी कागदाबाहेर जायची. तो पेन हातात धरून बसला. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं आणि त्यानं वळून बघितलं नाही.

"समजा हे छप्पन्नाव्या वर्षी फिटलं," तो म्हणाला. "मग त्याच्यानंतर?"

"नंतर कागद परत मिळतील, सर. घराची रजिस्ट्री रायपूरला आहे ना आमच्या तिजोरीत, ती मिळेल."

"ते नाही. माझं काय दिसतं तुमच्याकडं? नंतरचं."

प्रेरणा मॅडमनी खरंच बघितलं. भली बाई होती. तारीख टाकली, वाट बघितली, चष्मा वर केला. "नंतरचं काहीच नाही दिसत, सर. खातं बंद."

ऐश्वर्यानं टेबलाखालून त्याच्या मनगटावर हात ठेवला. ओढला नाही, ढकलला नाही. नाडी बघावी तसा ठेवला. त्याला दिसलं की छप्पन्नाव्या वर्षाच्या पुढं एक रिकामी जागा आहे, तिच्यावर कुणाचंच नाव नाही, कंपनीचं नाही, बँकेचं नाही, आणि तिथं उभं राहायचं तर बसू की नको हे सांगायलासुद्धा कुणी नसेल. असं मोकळं तो आयुष्यात कधी राहिला नव्हता. तो काय, त्याचा बापही राहिला नव्हता. त्यानं सही केली. मग मॅडमनी दाखवलेल्या आणखी दोन ठिकाणी केली.

घरी पोचल्यावर ऐश्वर्या स्कूटर लावत थांबली आणि तो पुढं वर गेला. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. खाट रिकामी होती. खिडकीत काही नव्हतं. त्यानं चादरीवर हात ठेवून बघितला. दुपारचं ऊन तिच्यावर पडून गेलं होतं की आणखी काही, ती कोमट होती. भरदिवसा, बूट न काढता, तो तिथं आडवा झाला आणि छातीवर हात ठेवून ऐकत राहिला. आत चालू होतं. किती दिवस चालू राहील ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नसल्यामुळं प्रत्येक ठोका आगाऊ न कळवता येत होता.

स्वयंपाकघरातून आईनं आवाज दिला, "कोन हाय खाटेवर?"

त्याला वाटलं, उत्तर द्यायला आणखी कुणी असेल तर त्याला संधी द्यावी. तो थांबला. कुणी बोललं नाही.

"कोन हाय रे?" आईचा आवाज आता जवळ आला होता, आणि थोडा कापत होता.

"मीच हाय, आई," तो म्हणाला. "मी एकटाच."